तीस अध्यक्ष आणि एक मी

आमच्या सेवा मंडळात नवे सभासद यावेत म्हणून मी चार पानांचा प्रवेश-अर्ज छापून घेतला, ही माझी चूक. छापखानेवाल्यानं गठ्ठा हातात देताना विचारलंही होतं, "सर, नोकरी कशाची हाय? परमनंट हाय का?" तरी मी शहाणा झालो नाही. अर्जात नाव, वडिलांचं नाव, शिक्षण, दोन प्रतिष्ठित नागरिकांची शिफारस, आणि शेवटी 'आपणांस सेवेची प्रेरणा कशी व केव्हा मिळाली?' असा प्रश्न होता. उत्तर किमान शंभर शब्दांत. वर्षभरात दोन अर्ज भरून आले. एक नमुना म्हणून मीच भरलेला होता. दुसरा ज्या तरुणानं भरला तो आठवड्यात हैदराबादला नोकरीला लागला आणि जाताना 'अर्ज भरायचा चांगला सराव झाला' म्हणून माझे आभार मानून गेला. उरलेले अर्ज कपाटात पडून होते. ते तसेच राहिले असते तर फार बरं झालं असतं. पण ते पुन्हा बाहेर काढायची बुद्धी मला नेमकी त्या वेळी झाली, ज्या वेळी आमचे साडू मंडळासाठी माणसं गोळा करत फिरत होते.

आमच्या साडूंइतका धोकादायक माणूस साऱ्या बिदर जिल्ह्यात झाला नाही. ज्या माणसाला ते रस्त्यात भेटले, तो ज्या कामाला निघाला होता त्या कामाला पोचला, असं एकही उदाहरण मला ठाऊक नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का त्यांना दिलेली, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणायचो. सारं बसवकल्याणही अण्णाच म्हणायचं. बसस्थानकासमोर त्यांचं घोंगड्या, दोरखंड आणि बैलांच्या घुंगरमाळांचं दुकान होतं. त्यांचे आजे आणि वडील जन्मभर मेंढरांमागं हिंडले. माझेही आजे हिंडले, पण ते मी बी.एड. झाल्यावर विसरलो. अण्णा विसरले नव्हते. दुकानदार झाले तरी खांद्यावर घोंगडी असायचीच. थंडीत थंडीसाठी, पावसात पावसासाठी, आणि वैशाखात कशासाठी असं विचारलं तर म्हणायचे, "मग हिला ठिवू कुटं?"

माणूस कामाला लावायची त्यांची रीत सांगतो. ते कुणालाही 'मंडळात या' असं कधी म्हणाले नाहीत. ते फक्त म्हणायचे, "ह्ये जरा धरा की, आलोच," आणि हातात काहीतरी देऊन नाहीसे व्हायचे. उन्हाळ्यात दुकानासमोर मंडळाची पाणपोई असायची. एकदा उमरग्याच्या बसचा कंडक्टर पाणी प्यायला उतरला. अण्णांनी त्याच्या हातात तांब्या दिला, "जरा धरा की," म्हणाले आणि मागच्या दारानं गेले. कंडक्टरसमोर एक तहानलेली म्हातारी येऊन उभी राहिली. तिच्यामागं कडेवर लेकरू घेतलेली बाई. तिच्यामागं आख्खी बस. कंडक्टर बिचारा काय करणार? ओतत राहिला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि शेवटी खाली उतरून तोही घागरीनं रांजण भरू लागला. अण्णा परत आले तेव्हा दोघांचे शर्ट भिजलेले आणि चेहरे असे खुललेले, की जणू त्यांनीच विहीर खणली! "आता उद्या कितीला येतेय तुमची गाडी?" एवढंच अण्णांनी विचारलं. पुढं सबंध उन्हाळा ती बस आमच्या पाणपोईवर खोळंबायची आणि प्रवासी कुरकुरायच्या ऐवजी घागरी उचलायचे.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, माणसाला आधी विचारावं तरी, येणार का म्हणून."

"इचारलं की मानूस इचार करतंय, मास्तर," ते म्हणाले. "आन् इचार केला की घरी जातंय."

दुसरी खोड मोजण्याची. मेंढक्याचं पोर संध्याकाळी कळपावर एक नजर टाकतं आणि सांगतं, एक कमी आहे. अण्णांना माणसांचा तसा अंदाज होता. बोटं नाहीत, वही नाही. नुसते डोळे किलकिले करायचे. माझ्या मुलीच्या बारशाच्या पंगतीत उभे राहून ते माझ्या कानात म्हणाले, "दोन जास्त हायत." चौकशी केली तर शेजारच्या गल्लीतल्या साखरपुड्याचे दोन पाहुणे आमच्या पंगतीत तिसरी पुरी खात होते. त्यांना उठवावं की काय अशा विचारात मी होतो, तोवर अण्णांनी त्यांच्या हातात वरणाची बादली दिली होती.

आता माझ्याविषयी. मंडळ मी काढलं, नाव मी ठेवलं आणि बारा वर्षं अध्यक्षही मीच होतो. बैठक माझ्या ओसरीवर. हाताची खुर्ची एकच, ती माझी, बाकीचे सतरंजीवर. दरवर्षी वर्धापनदिनाला मी 'तरुणांनी पुढे यावे' या विषयावर पाऊण तास बोलायचो. शेवटच्या वर्षी सभागृहात तरुण असा एकच होता, आणि तो लाउडस्पीकरवाला होता. बाकीचे तरुण केव्हाच पुढं निघून गेले होते: कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. कागदोपत्री आम्ही अकरा सभासद. त्यातले पाच परगावी, आणि उपाध्यक्ष तर देवाघरी. पण त्यांच्या नावाची पत्रं छापलेली शिल्लक होती, म्हणून ते पदावर होते.

अण्णा मला सारखे टोकायचे. "मास्तर, मेंढरं एकाच रानात बसवत्यात व्हय? आज ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या. ज्याचं रान त्यानं जागा दावायची. मेंढक्यानं गप बसायचं. मगच खत समद्यांना मिळतंय. तुमी बारा वरसं कळप आपल्याच वसरीवर बसवायलाव. तुमचीच वसरी तेवडी पिकायलीय."

मी म्हणायचो, "अण्णा, नेतृत्व म्हणजे काय मेंढरं वळणं आहे?"

"न्हाई," ते म्हणायचे. "मेंढरं वळाया अक्कल लागतीय."

अशात सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र आलं. मोतीबिंदूचं मोफत शिबिर घ्यायला ते तयार होते. ऑपरेशनं गावातल्या दवाखान्यात, पेशंटांचा दोन दिवस मुक्काम दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या असलेल्या आमच्या शाळेत. अट एकच: दोन दिवस पुरे हजर राहतील अशी तीस माणसं हवीत. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या साठ म्हाताऱ्यांना सांभाळायचं म्हणजे दोघांमागं एक माणूस हवाच. डॉक्टर आदल्या शुक्रवारी स्वतः येऊन माणसं बघणार होते. तीस नसली तर शिबिर दुसऱ्या गावाला.

या साठांत एक नाव दुबलगुंडी गावातलं होतं. आमच्या सासूबाईंचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण बाई सुईच्या नावानं थरथरायची. एकदा हुमनाबादला रांगेतून पळून आली होती. दुसऱ्यांदा न्यायला गेलो तर तुरीच्या शेतात जाऊन बसली, आम्ही दोघे जावई बांधावरून हाका मारतोय आणि ती आतून ओरडतेय, "म्या घरात न्हाई!" पण त्या वर्षी तिच्या हातच्या भाकरीत खडा निघाला. आयुष्यभर ज्वारी निवडण्यात जिचा हात कुणी धरला नव्हता, तिच्या भाकरीत खडा! कुणी काही बोललं नाही, पण ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "करते म्या ह्या बारीला. पर ह्या बारीला न्हाई झालं तर पुन्ना माज्यापशी डोळ्यांचं नाव काडू नका." आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती.

अण्णा कामाला लागले. आठ दिवसांत त्यांनी चाळीस माणसं गोळा केली. कंडक्टर होता, बसस्थानकावरचा हमाल होता, शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणी होत्या, आणि दारोदार फिरून बांगड्या भरणारी चाची होती. "चाचीचं काय काम?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "भ्यालेल्या बाईचा हात कसा धरायचा, ह्ये सबंध गावात तिलाच म्हाईत हाय."

मंगळवारी संध्याकाळी चाळीसच्या चाळीस माझ्या ओसरीवर आले. एवढी माणसं बघून मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी नियमाला धरून वागतो. मी कपाट उघडलं. प्रत्येकाला एक-एक अर्ज दिला, आणि 'उद्यापर्यंत भरून आणावा, त्याशिवाय शिबिरात घेतलं जाणार नाही' असं सांगून 'सेवा म्हणजे काय' यावर थोडं बोललो. थोडं म्हणजे अर्धा तास. डोळे मिटून बोलायची मला सवय आहे. उघडले तेव्हा समोर नऊ माणसं होती, आणि त्यात आमचे जुने सभासदही धरलेले होते. दारात अण्णा उभे होते. त्यांना मोजायचीही गरज पडली नाही.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण ते सतरंजीवर बसले आणि पायातलं कुरूप चोळत म्हणाले, "म्हातारी काल गाडीत बसून आलीय, मास्तर. आमच्या घरी हाय. अक्का तिला सारकं सांगती, शुक्रवार झाला की दोन दिवसांनी डोळे. आता तिला तुमी सांगा."

मी उठलो. चप्पल घातली. "चला," म्हटलं.

"तुमी म्होरं," अण्णा म्हणाले. "बोलायचं तुमी. म्या मागं हाय."

पहिलं घर शिवणकामवाल्या बहिणींचं. मी सवयीनं सुरुवात केली: मानवतेची हाक, समाजाचं ऋण, वगैरे. धाकटीनं तेवढ्या वेळात चार भाकरी थापून भाजल्या आणि हात पुसत विचारलं, "मंग आमी यायचं का न्हाई, त्ये सांगा की." बाहेर अण्णा भिंतीला टेकून खोकत होते. तो खोकला नव्हता.

हमाल बसस्थानकाच्या पायरीवर बिडी ओढत होता. म्हणाला, "यायला काय न्हाई सर, पर दोन प्रतिष्ठित नागरिक कुटून आनू? मला वळखनारे समदे हमालच हायत."

"पहिली सही माझी," मी घाईनं म्हणालो.

"आन् दुसरी?"

"माजी," मागून अण्णा म्हणाले.

हमाल हसत सुटला. "अण्णा, तुमी प्रतिष्ठित कदी झालाव?"

चाची मात्र हसली नाही. टोपली पुढ्यात ओढून बांगड्यांचे जोड लावत बसली होती. "नक्को सर," ती म्हणाली. "तुमी सगळ्यांसमोर कागद दिलाव. शेजारची बाई भरभर भराया लागली, आन् मी कागद उलटा धरून बसले. मला अक्षर येत न्हाई. ही गोष्ट माझ्या सुनेलाबी म्हाईत नव्हती. आता म्हाईत झाली."

बारा वर्षं भाषणं करणाऱ्या मी आधारासाठी मागं वळून पाहिलं. अण्णा कुठल्यातरी गाढवाकडं फार लक्ष देऊन बघत होते. शेवटी मी म्हणालो, "चाची, चुकलं माझं. माझी सासू भ्यालेली आहे. तिचा हात धरायला माणूस नाही."

चाचीनं जोड खाली ठेवले. "असं बोलायचं न्हाई व्हय आदी?" ती म्हणाली. "कवा यायचं?"

त्यापुढच्या घरांत मी मानवतेचं नाव काढलं नाही. 'सासूच्या डोळ्यांचं काम आहे, या,' एवढंच म्हणायचो. आणि प्रत्येक दारातून निघताना अण्णा मागं राहून त्या माणसाला काहीतरी सांगायचे. काय ते मला गुरुवारी कळलं. ते प्रत्येकाला अध्यक्ष करत होते! कंडक्टर रांगेचा अध्यक्ष. बहिणी पट्ट्यांच्या आणि बायकांचे पदर सावरण्याच्या अध्यक्षा. एक जण पाण्याचा, एक मोरीच्या वाटेचा, एक शाळेच्या आवारातल्या कुत्र्यांचा. ज्यांना खातं उरलं नाही त्यांना दोन-दोन म्हातारे वाटून दिले आणि त्या दोघांचं अध्यक्ष केलं. मी जरा घुश्शातच विचारलं, "आणि मी?"

"तुमाला चपलांवर घेतलाय," अण्णा म्हणाले. "पर चपलांचा अध्यक्ष हमाल हाय. त्याला इचारून करत जावा."

शुक्रवारी डॉक्टर आले. शाळेच्या पटांगणात माणसं उभी होती. अण्णांनी डोळे किलकिले केले. "एकतीस," ते म्हणाले. "एक जास्त हाय."

"कोण जास्त?" मी विचारलं.

ते माझ्याकडं बघत राहिले.

डॉक्टर माणूस कामाचा, घाईतला. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "यांच्यात अध्यक्ष कोण?"

तीस जणांचे हात वर झाले. चाचीनं तर दोन्ही वर केले, कारण तिच्याकडं हातांचं खातं होतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांचं लक्ष त्या गर्दीत हात खाली ठेवून उभ्या असलेल्या एकमेव माणसाकडं गेलं आणि ते मला म्हणाले, "बरं झालं, एक तरी सभासद आहे." शिबिर मंजूर झालं.

ते दोन दिवस मी एकशे वीस चपला सांभाळल्या. हमाल दर तासाला येऊन बघायचा. "सर, डावी-उजवी बघून ठिवा. बीएड झालाव ना?" सासूबाईंचा नंबर आला तेव्हा ती दवाखान्याच्या दारातून दोनदा मागं फिरली. तिसऱ्यांदा फिरली तेव्हा चाचीनं तिचा हात धरला, बांगडी भरताना धरतात तसा, पंजा मिटवून, हळू दाबत. "हात सैल सोडा अम्मा," ती म्हणाली. "आवळला की काकन फुटतंय. तुमी लगीन कवा केलाव? काकनं कुनी भरली हुती?" सासूबाई लग्नातल्या कासाराच्या कागाळ्या सांगत सांगत आत गेली आणि कागाळ्या संपायच्या आत बाहेर आली. पट्टी निघाली त्या दिवशी तिनं पहिलं काय केलं असेल, तर अक्काच्या घरचं ज्वारीचं सूप पुढं ओढलं आणि त्यातून अकरा खडे काढून ओळीनं मांडले. अक्का आठवडाभर तिच्याशी बोलली नाही.

त्यानंतर शिबिर दर दिवाळीला होऊ लागलं. बैठक एकेका गल्लीत एकेकाच्या दारात बसायची आणि ज्याचं दार तो त्या दिवशीचा अध्यक्ष. माझी हाताची खुर्ची पेशंटांसाठी शाळेत गेली ती परत आली नाही. मीही मागितली नाही. मंडळ वाढत गेलं, आणि खरं सांगायचं तर आता सगळे सभासद मलाही ओळखत नाहीत.

आणि अण्णा? ज्यानं गावातली माणसं धरून ठेवली, त्यालाच गाव सोडावं लागलं. मुलाला पुण्यात नोकरी लागली, घर झालं, अक्काचे गुडघे गेले. दुकान विकून ते गेले त्या दिवशी बसस्थानकावर एवढी माणसं जमली की कुणी कुणाला निरोप देतंय तेच कळेना. अण्णा खिडकीशी बसले, बाहेरच्या गर्दीवर एक नजर टाकली, ओठ हलले. किती म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आता दर रविवारी फोन येतो. पुण्यात त्यांनी सोसायटीचे वॉचमन, दोन निवृत्त इंजिनियर आणि इस्त्रीवाला यांना म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेण्याच्या कामाला लावलंय, असं अक्का सांगते. पण अण्णांचा आवाज उतरलेला असतो. "हितं मानसं लिफ्टनं जात्यात, मास्तर," ते परवा म्हणाले. "हातात काय द्यावं म्हनलं तर दार मिटतंय." मग दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नाही. फोनचं मीटर चालू असतं, आणि दोघांनाही ते ठाऊक असतं.

गेल्या दिवाळीच्या शिबिरात ते नव्हते. सासूबाई मात्र होती. दरवर्षी असते. भीतीचं खातं आता तिच्याकडं आहे: दवाखान्याच्या दाराशी बाकावर बसते आणि थरथरणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "म्याबी पळून गेलते. बस हितं." मी तिच्या हाताखाली. जनवाड्याहून आलेला एक म्हातारा तिच्या शेजारी बसला होता, काठी घट्ट धरून. मी त्याला पाणी दिलं, चपला उचलून कडेला लावल्या, आणि जुनी सवय, चार धीराचे शब्द बोलायला तोंड उघडलं. सासूबाईनं हात वर करून मला थांबवलं.

"ह्ये कोन?" म्हाताऱ्यानं मान तिच्याकडं वळवून विचारलं. "डाक्टर हायत का?"

"न्हाई, न्हाई," सासूबाई म्हणाली. "भिऊ नका. जावई हायत माजे. आदी अध्यक्ष हुते. आता बरे हायत."